आजींच्या चंचीतला रुपया

पत्राचा गोषवारा:

पत्र लिहिणारे वाचक पस्तिशीतले आहेत. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत त्यांचं वडिलोपार्जित किराणा दुकान आहे. दोनेक वर्षांपूर्वी मोबाइलवर जुन्या नाण्यांचे व्हिडिओ बघून त्यांना नाद लागला. रात्री दुकान बंद केलं की गल्ल्यातली चिल्लर सतरंजीवर ओतायची, भिंगातून एकेक नाणं बघायचं आणि वेगळं दिसेल ते डब्यात टाकायचं. असे तीन डबे भरलेत. गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका वयस्क आजींनी चहापूड घेताना चंचीतून मोड काढून दिली. रात्री त्यात १९१८ सालचा, पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया निघाला. तो आजींचाच, कारण दुपारी गल्ला रिकामा केला होता आणि नंतर नाणी आली ती तेवढीच. आजी दिवसाआड दुकानात येतात. त्यांना पत्ता नाही आणि यांनी सांगितलेलं नाही. मित्र म्हणतो, लाखाचा माल आहे, गप बस. वडील म्हणतात, लक्ष्मी आपण होऊन आलीय, देव्हाऱ्यात ठेव. बायको म्हणते, उद्याच्या उद्या परत द्या. मध्येच यांनी त्या रुपयाचा आणि डब्यातल्या १९८५ सालच्या ‘एच’ खुणेच्या एक रुपयाचा फोटो इंटरनेटवर टाकला, तर एकाचा फोन आला: दोन्ही मिळून साडेचार लाख देतो, आधी नोंदणीचे दोन हजार शंभर भरा. वाचकांचे प्रश्न त्यांच्याच क्रमानं असे. रुपयाची खरी किंमत किती? नोंदणीचे पैसे भरावेत का? आजींना सांगायलाच हवं का? आणि घरात भांडणं होत असताना हा नाद चालू ठेवावा का?

नमस्कार.

चारही प्रश्नांची उत्तरं देते, पण तुमच्या क्रमानं नाही.

आधी फोनवाल्याचं, कारण त्यात घाई आहे. त्याला एक पैसाही पाठवू नका. नाणं विकत घेणारा तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला हे मी सांगावं असं नाही, पण साडेचार लाख हा आकडा कानावर पडला की भल्याभल्यांचा हिशेब चुकतो. ही साखळी ठरलेली असते. नोंदणीचे पैसे गेले की जीएसटी निघतो, मग विमा, मग कुरियर, आणि शेवटी ‘रिझर्व्ह बँकेचं ना-हरकत प्रमाणपत्र’, ज्यावर बोधचिन्ह, गोल शिक्का, सही सगळं असतं. खुद्द रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये निवेदन काढून लोकांना सावध केलं होतं. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या वतीनं तसं मागायचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. आधार कार्डाचा फोटोही पाठवू नका. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, हे वडिलांनाही सांगून ठेवा. आणि पत्र पाठवल्यानंतर तुम्ही पैसे भरून मोकळे झाला असाल, तर लाजेपायी गप्प बसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

तुमच्या ‘एच’ नाण्याची गोष्ट मात्र खरी आहे. १९८५ च्या सुमाराला देशात चिल्लरीची अशी चणचण होती की सरकारनं काही नाणी परदेशातल्या टांकसाळींतून पाडून आणली. बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडलेल्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच आलं. खूण खरी, कहाणी रंजक, फक्त नाणं दुर्मीळ नाही. टंचाई भागवायला मागवलेली नाणी मूठभर कोण मागवेल? माता वैष्णोदेवीच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांचंही तेच. त्या देवस्थान मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून २०१२ साल घालून ती काढली. ती दहा लाखांना जातात म्हणणाऱ्या बातम्यांत एकच खुबी असते: विकणाऱ्यानं लिहिलेला आकडा छापतात, घेणाऱ्यानं मोजलेला कधीच नाही. नाण्यांच्या रीतसर लिलावात प्रत्यक्ष किती बोली लागली, ते निकाल लिलाव करणाऱ्या संस्था जाहीर करतात. भाव बघायचा तर तिथं बघा.

आता आजींचा रुपया. १९१८ हे साल चांदीच्या बाबतीत मोठं मजेदार आहे. पहिलं महायुद्ध चालू होतं, फौजेसाठी हिंदुस्थानातून धान्य, ताग, कातडी असा माल उचलला जात होता आणि विकणाऱ्याला मोबदला चांदीच्या रुपयात हवा होता. चांदी पुरेना म्हणून सरकारनं १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची कागदी नोट काढली, पण लोकांचा जीव कागदावर रमेना. शेवटी अमेरिकेनं १९१८ मध्ये पिटमन कायदा केला, आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटनला विकली, खास इथले रुपये पाडण्यासाठी. मुंबई आणि कलकत्ता दोन्ही टांकसाळी तेव्हा रात्रंदिवस रुपये पाडत होत्या. कोल्हापुरातल्या एका चंचीत अमेरिकी डॉलरची चांदी येऊन बसलेली असावी, ही कल्पना मला तरी फार आवडली. पण या कहाणीचा दुसरा अर्थ तुमच्या मित्राला आवडणार नाही. एवढ्या प्रचंड संख्येनं पाडलेला १९१८ चा रुपया आजही सहज मिळतो.

त्याचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी, बाकी तांबं. शुद्ध चांदी भरते साधारण १०.७ ग्रॅम. त्या दिवशीचा चांदीचा भाव घ्या, या वजनानं गुणा, नाणं झिजलेलं नसेल तर वर थोडं धरा. हजारांतली गोष्ट आहे, लाखांतली नाही. पंचम जॉर्जचा खरोखर दुर्मीळ रुपया हवा असेल तर तो १९११ चा. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना तो डुकरासारखा दिसला. ओरड झाली, नाणी मागे घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षी सोंड नीट केली. पुढं सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपयाही असाच विरळा. पण कुठल्याही यात्रेत एखादा पथारीवाला १९११ किंवा १९३९ काढून दाखवायला लागला तर हात मागे घ्या, कारण नकलाही याच सालांच्या जास्त निघतात.

तुमचा रुपया तरी अस्सल आहे का, हे बघायला भिंगापेक्षा ग्रॅमचा काटा बरा. गुजरीतल्या कुठल्याही सराफाकडे दोन मिनिटांत काम होईल. झिजेनं थोडं वजन कमी भरणं साहजिक आहे, पण गरगरीत नवा दिसणारा रुपया दहा ग्रॅमच भरला तर शंका घ्या. घरी लोहचुंबक लावून बघा. चांदी चिकटत नाही. (अनेकांच्या देव्हाऱ्यात ‘चांदीचा’ म्हणून बसलेला १९४७ चा वाघाचा रुपया मात्र टपकन चिकटेल, कारण तो निकेलचा आहे.) काठावरच्या रेघा सारख्या आहेत का आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आहेत का तेही पाहा. असे खड्डे साच्यात ओतलेल्या नकलेला पडतात, टांकसाळीत ठोकलेल्या नाण्याला नाही. सराफाला ‘विकायचाय’ म्हणू नका, ‘वजन करून द्या’ म्हणा. कारण विकायचा अधिकार तुमचा आहे की नाही, हेच अजून ठरलेलं नाही.

इथं तुमच्या पत्राच्या क्रमाबद्दल बोलते. त्यात पहिली किंमत आहे, आजी तिसऱ्या आहेत. किंमत कळू दे, मग सांगायचं की नाही ते ठरवू, असं मनात कुठंतरी चाललंय ना? कमी निघाली तर परत देणं सोपं, जास्त निघाली तर विचार करू. मला हे उलटं वाटतं. वस्तू कुणाची हे तिच्या भावावरून ठरत नसतं. समजा, आजींनी पन्नासची म्हणून चुकून पाचशेची नोट दिली असती आणि तुम्हाला ते रात्री हिशेबात कळलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या पायरी चढताच तुम्ही म्हणाला असता, ‘आजी, काल जास्तीचे दिलेत.’ त्यासाठी कुणाला पत्र लिहिलं नसतं.

‘पण त्यांनी रुपया म्हणून दिला आणि मी रुपया म्हणून घेतला’ हा तुमचा मुद्दा वरवर बिनतोड दिसतो. तो टिकत नाही, कारण भरपूर चांदीचे हे जुने रुपये सरकारनं १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच परत बोलावून चलनातून बाद केले. तुमच्या गल्ल्यात आलं ते आजचं चलन नव्हतंच. चहापुडीपोटी द्यायचा रुपया आजींच्या चंचीतच राहिला आणि हाती लागली ती भलतीच वस्तू त्यांनी तुम्हाला दिली. १८७२ च्या करार कायद्याचं ७२ वं कलम यावर सरळ बोलतं: चुकीनं पैसे दिले गेले किंवा वस्तू दिली गेली, तर ज्याला मिळाली त्यानं ती परत केली पाहिजे. हजारदोन हजारांसाठी कुणी तुम्हाला कोर्टात ओढणार नाही, हे मलाही कळतं. पण तुमचा मित्र जिथं ‘नशीब’ म्हणतो, तिथं कायदा ‘चूक’ म्हणतो, एवढं माहीत असू द्या.

उलट बाजूही सांगते, म्हणजे उगाच ओझं नको. १९९९ चं शिवछत्रपतींचं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं, त्याच साली आलेला संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया, १९९० चा बाबासाहेबांचा रुपया, २००७ चं लोकमान्यांचं पाच रुपयांचं नाणं, यातलं काहीही गिऱ्हाइकानं मोडीत दिलं तर खुशाल ठेवा. ते आजही चलन आहे. त्यानं दोन रुपये दिले, तुम्ही दोन रुपयांचा माल दिला, व्यवहार पुरा झाला. तुमची नजर तयार आहे ही तुमची कमाई. असा पेच पडलेल्या इतर वाचकांनीही आधी एवढंच विचारावं, की हे नाणं आज दुकानात चालतं का? चालत असेल तर ते पैसे आहेत. चालत नसेल तर ती कुणाची तरी वस्तू आहे.

आणि ती वस्तू कुठून आली असेल, याचा विचार व्हिडिओवाले कधीच करायला लावत नाहीत. ऐंशी वर्षांपूर्वी बाद झालेला चांदीचा रुपया या गल्ल्यातून त्या गल्ल्यात फिरत तुमच्यापर्यंत येत नाही. तो आजवर कुठल्या तरी घरात होता. लक्ष्मीपूजनाच्या तबकात, ट्रंकेच्या तळाशी लग्नातल्या शालूच्या घडीत, बारशाला बाळाच्या मुठीत ठेवलेला म्हणून जपलेला. घरातून तो बाहेर पडतो तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी बिनसलेलं असतं. नातू चॉकलेटसाठी देव्हाऱ्यातून उचलतो, घराची वाटणी होते आणि डबे उपसले जातात, नाहीतर म्हाताऱ्या माणसाला दिसेनासं होतं. आजींचा हा एकच रुपया चुकून आला, की याआधी दोन-चार असेच भाजीवालीला, रिक्षावाल्याला, अंबाबाईच्या हुंडीत गेलेत? हे शोधायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही, कारण दुसऱ्या कुणाला ही गोष्ट ठाऊकच नाही.

तेव्हा सांगा. पण कसं सांगायचं ते जरा बघून. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना नको, आजी ओशाळतील. त्यांच्या मुलाला परस्पर सांगणं तर मुळीच नको. चंचीतला पैसा हा पुष्कळदा म्हाताऱ्या बाईचा स्वतःचा एकुलता एक पैसा असतो, घरच्यांच्या नजरेआड ठेवलेला. तुम्ही चांगुलपणानं मुलाला सांगाल आणि त्या रात्री घरात ‘आणखी काय काय लपवलंय’ अशी झडती होईल. शिवाय ‘आईला आता कळत नाही, तिच्या हाती पैसे देऊ नका’ हेही निघेल. दुपारी निवांत वेळी बायकोला घेऊन जा. रुपया कागदात बांधून थेट आजींच्या हातात द्या आणि म्हणा, ‘आजी, तुमच्या मोडीत हा आला होता, मला रात्री दिसला, द्यायचं राहून गेलं.’ एवढं पुरे. महिनाभराच्या उशिराची कैफियत मांडत बसू नका, त्यांनी विचारलं तर खरं ते सांगा. मग हा चांदीचा आहे, एवढ्याचा आहे, हे सांगा. डोळे तपासले का, मोतीबिंदू आहे का, हे बायकोनं विचारलेलं बरं. आणि पुढच्या वेळेपासून त्यांची मोड तुम्ही त्यांच्यादेखत, मोठ्यानं मोजून घ्या.

त्या म्हणतील, ‘राहू दे रे बाबा, तुझ्या देवाला.’ आपल्याकडची माणसं म्हणतातच. पहिल्या झटक्यात घेऊ नका. किंमत सांगितल्यावर, दोन-चार दिवस जाऊ देऊन, पुन्हा म्हणाल्या तर ती त्यांची देणगी, मग वडिलांची इच्छाही पुरी होईल. वडिलांना तोवर दुखवायला नको. गल्ल्यात आलेल्या पैशाला लक्ष्मी मानणारी त्यांची पिढी आहे आणि त्यात वावगं काही नाही. फक्त ही लक्ष्मी दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातून आली असण्याची शक्यता आहे, हे त्यांना सांगून बघा. माझा अंदाज आहे, सर्वात आधी तेच म्हणतील की देऊन ये. आजींना विकायचाच असेल तर तुम्ही घेऊ नका. त्यांना हव्या त्या माणसाला सोबत घेऊन गुजरीत दोन दुकानांत भाव विचारू दे. तुम्हालाच संग्रहासाठी हवा असेल तर तो भाव समोर आल्यावर, त्यापेक्षा थोडे जास्त देऊन घ्या.

उरला नाद. तो सोडा असं मी म्हणणार नाही. रात्री मोबाइलवर अंगठा फिरवण्यापेक्षा नाण्यावर भिंग फिरवणं केव्हाही बरं. पण तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय. सुट्टे नसले की तुम्ही गिऱ्हाइकाला रुपयाऐवजी चॉकलेट देता. दादा, घरात तीन डबे चिल्लर आणि दुकानात सुट्टे नाहीत, हे काही बरोबर नाही. बायकोचं भांडण बहुधा नाण्यांशी नसून या डब्यांशी असावं. ते दुकानाचं भांडवल आहे आणि ते गोठून बसलंय.

म्हणून एखादा रविवार काढा आणि तिघांनी मिळून डबे उपसा. पन्नास पैसे, एक, दोन, पाच, दहा, वीस वेगळे करा. पन्नास पैशांचं नाणं आजही कायदेशीर चलन आहे, कुणी घेत नाही ही गोष्ट वेगळी. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली, त्यामुळं चार आण्यांवरचा तो गेंडा आता फक्त बघण्यापुरता. दहा रुपयांचं नाणं कुणी ‘नकली आहे, डिझाइन वेगळं आहे’ म्हणून नाकारलं असेल तर काळजी नको. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच सांगितलंय की त्याची तोवर निघालेली चौदाही डिझाइन चालतात. जे नेहमीचं आहे त्याच्या शंभर-शंभरच्या पिशव्या भरून दुकानात फिरवा, उरलेल्या बँकेत द्या. बँकांनी नाणी नाकारू नयेत असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. माझा अंदाज, तीन डब्यांतलं ठेवण्यासारखं एका पेढ्याच्या खोक्यात मावेल. पुढचा नियम सोपा: गल्ल्यातून जेवढ्याचं नाणं उचलाल, तेवढे पैसे त्याच रात्री स्वतःच्या खिशातून गल्ल्यात, आणि वहीत एक ओळ. वडिलांना हा हिशेब लगेच पटेल.

काय शोधायचं? सालाखालची खूण बघायची सवय लावा. मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालचं नाणं चारही टांकसाळींचं जमवणं हा जवळपास फुकटातला छंद आहे आणि त्यात मुलांनाही ओढता येतं. छाप सरकलेली किंवा कड कापली गेलेली चुकीची नाणी खरोखर हौसेनं घेतली जातात. एका बाजूची छाप दुसऱ्या बाजूवर उलटी, खोलगट उमटली तर व्यापारी तिला ‘लखी’ म्हणतात. पण पान्यात धरून ठोकलेली, आम्लात बुडवलेली नाणीही ‘एरर’ म्हणून खपवतात. दोन्हीकडे छापा असलेलं नाणं तर बहुतेक वेळा दोन नाणी तासून जोडलेलं असतं. आणि राम दरबार किंवा हनुमान असलेलं, १८१८ साल घातलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनीचं दोन आण्याचं नाणं’ कुणी शकुनाचं म्हणून विकायला आणलं तर सरळ हात जोडा. असं नाणं कंपनीनं कधी पाडलेलंच नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते: घासू नका. चिंच-मीठ, राख, तांब्याची भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, काही नको. दिवाळीत देव्हाऱ्यातली नाणी लखलखीत करायची आपली जुनी सवय आहे, पण संग्राहकाच्या लेखी घासलेल्या नाण्याची निम्मी किंमत तिथंच जाते. मळ फारच असेल तर साध्या पाण्यात बुडवा आणि टिपून घ्या. नाणं कडेला धरा, तोंडावर बोट नको. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांत पीव्हीसी असतं, त्यानं काही वर्षांत हिरवट चिकटा धरतो. त्यापेक्षा साधी कागदी पाकिटं चांगली. कोल्हापूरच्या पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायला विसरू नका. आणि तुमच्या १९८५ च्या रुपयाला प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून अस्सलपणाचं प्रमाणपत्र घ्यायच्या फंदात पडू नका. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला होईल.

खरं जुनं नाणं बघायचं असेल तर आपल्याच गावात मोप आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, सातवाहन काळातलं गाव वर आलं. तिथल्या वस्तू टाऊन हॉल म्युझियममध्ये आहेत. विळिवायकुर, शिवलकुर अशी नावं लावणाऱ्या राजांची धनुष्यबाण असलेली नाणी या कोल्हापूर परिसरातच सापडली, ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. एखाद्या सुट्टीला सगळ्यांना घेऊन जा. तुमचा तो मित्र उद्या ‘पन्हाळ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन जाऊ, शिवराई सापडेल’ म्हणेल, तेव्हा त्याला दोन गोष्टी सांगा. संरक्षित किल्ल्यावर उकरणं गुन्हा आहे. आणि कुठल्याही जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं जुनं गुप्तधन १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. रायगडाच्या पायथ्याशी मिळणारे शिवकालीन होन हे आठवण म्हणून घ्यायच्या प्रतिकृती आहेत, त्यांना कुणी अस्सल म्हणून भाव सांगितला तर हसून पुढं चला.

आता तुमच्यासारखंच नाणं सापडलेले, पण ते कुणाकडून आलं हेच ठाऊक नसलेले दुकानदार, रिक्षावाले, केएमटी या शहर बससेवेचे वाहक हे वाचत असतील. तुम्ही महिना-दोन महिने वाट बघा. दुकान असेल तर दर्शनी भागात चिठ्ठी लावा: ‘मोडीत जुनं नाणं आलं आहे, ज्यांचं असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावं.’ आसपासच्या दोन-तीन घरी, जिथून मुलं एकटी चॉकलेटला येतात, तिथं सहज कानावर घाला. चिठ्ठीवर साल, धातू आणि राजाचं नाव मात्र लिहू नका. ते मागायला येणाऱ्यानं सांगायचं.